आपोआप येणारे फोटो

नाही ताई, पेन ड्राइव्ह ठेवा तो खाली — बाळाचे फोटो म्हणालात ना? मग तो नको. पेन ड्राइव्ह म्हणजे निरोप्या, इथलं तिथं पोचवायचं आणि मोकळं व्हायचं, त्याच्या भरवशावर संसार टाकायचा नाही. खिशात राहतो, कपड्यांबरोबर धुतला जातो — हसताय, पण परवाच एक बाई बादलीतून काढलेला घेऊन आल्या होत्या. ही बघा, ही हार्ड डिस्क. जागा भरपूर. आत तबकडी फिरते, म्हणून पडली की संपली, पण एक गुण आहे तिचा — बहुतेक वेळा जायच्या आधी टकटक करते, माणसाला सावरायला वेळ देते. आणि ही एसएसडी. हिच्यात हलणारं काहीच नाही, चपळ आहे, हातातून पडली तरी सहसा बिघडत नाही. पण जाते तेव्हा चाहूल लागू देत नाही. म्हणून मी म्हणतो, दोन घ्या — एक ही, एक ती, आणि त्यातली एक माहेरी नेऊन ठेवा. घराला काही झालं तरी फोटो राहतात.

ती? वरच्या फळीवरची पांढरी? ती वायफायची. घरात लावून ठेवायची, आपण जगात कुठंही असलो तरी फोनमधला फोटो आपोआप तिच्यात येऊन पडतो. चांगली आहे — चांगलीच आहे, खोटं कशाला बोलू — पण कुणी मागितल्याशिवाय मी ती खाली काढत नाही. का म्हणजे? आमच्या घरी आहे तसली. मुलानं लावली होती. नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहायचा, आईला रोज फोटो दिसावेत म्हणून. आज काय जेवलो, नवे बूट, खोलीच्या खिडकीत बसलेलं मांजर — संध्याकाळ झाली की आमची ही, त्याची आई, टीव्हीवर ते फोटो लावून बसायची. बसा ना ताई, उभ्या का.

गेला तो. मोटरसायकलवरून घरीच यायला निघाला होता, हमरस्त्यावर ट्रकनं उडवलं. आम्हाला कळलं दुसऱ्या दिवशी. पाकीट मिळालं, घड्याळ मिळालं, फोन नाही मिळाला. चिरडला असेल म्हणाले, आम्हीही धरून चाललो. फोनलाच काय, पोरगा सायकलीलासुद्धा कधी कुलूप लावायचा नाही.

मग काही महिन्यांनी ही स्वयंपाकघरात आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "त्याचा फोटो आलाय." मला वाटलं, झालं, हिचं डोकं फिरलं. जाऊन बघतो तर खरंच आला होता. एक लहान मुलगी, पुढचे दात पडलेली, पायरीवर बसून दोरीच्या गाठी सोडवतेय. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी, शाळेच्या कपड्यांत. मग एका बाईची पाठ, भिंतीला टेकवलेली शिडी, रंगाचे डबे. कुणाला तरी फोन मिळाला होता, त्यानं नवीन सिम घातलं आणि वापरायला काढला, आतलं काही पुसलंच नाही — कसं पुसतात हे त्याला ठाऊकच नसेल. त्यानं काढलेला प्रत्येक फोटो आमच्या घरात येऊन पडत होता. मी म्हटलं बंद करू, वायर काढतो. ही आडवी आली. म्हणाली, राहू दे, कुणाचं काय बिघडतंय.

बिघडत काहीच नव्हतं. पण आमच्या घरात त्या पोरीची ये-जा सुरू झाली ना! नवे दात आले तिला. एकदा हाताला प्लास्टर होतं, तेव्हा हिला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. मुलाच्या फोटोंखालोखाल तिचे फोटो. आणि मी बघायचो ते त्या फोटोंमागचा हात — कुणाचा आहे? ज्यानं फोन उचलला, त्यानं माझ्या मुलाला पाहिलं असणार. कसं पाहिलं? जिवंत होता का तेव्हा? आता माझा धंदाच हा, फोटो कुठं काढला ते फोटोतच नोंदलेलं असतं हे मला माहीत. पहिल्या दिवसापासून पत्ता होता माझ्याकडे. ही म्हणायची, जाऊ नका, तुम्ही गेलात की ते फोटो बंद होतील. बरेच दिवस धीर धरला, आणि शेवटी गेलो.

रंगारी होता. दार उघडलं, मी फक्त म्हणालो, हा फोन माझ्या मुलाचा. त्यानं खिशात हात घातला. फोन काढून पुढे धरला — पडद्यावर तीच पोरगी. मी म्हटलं, ठेव तुझ्याकडे, मला फोन नकोय, तू काय पाहिलंस ते सांग. मग सांगितलं त्यानं. सगळ्यात आधी तोच पोचला होता. मुलगा शुद्धीत होता, ताई. त्यानं स्वतःच फोन याच्या हातात दिला आणि म्हणाला, "आईला फोन लावा." आणि लावायच्या आधी तोच वाजायला लागला. हीच करत होती — निघालास का, कुठवर आलास, रोजची सवय तिची. पडद्यावर नुसतं 'आई'. त्या माणसाला उचलवेना. म्हणाला, काय सांगणार होतो मी त्या माउलीला? फोन वाजत राहिला, मुलगा बघत राहिला. मग लोक जमले, पोलिसांचं नाव निघालं, आणि हा घाबरून फोनसकट निघून गेला. मी हात उगारला नाही. काय करणार — ती पोरगी दारात उभी होती.

घरी आलो. हिनं एकच विचारलं, "काही बोलला का तो?" मी म्हटलं, नाही, शुद्धच नव्हती त्याला. तेव्हापासून एकही फोटो आला नाही. हिनं मला बोल लावला नाही. संध्याकाळी टीव्ही लावते, बसते. मध्येच विचारते, मी त्या दिवशी इतके फोन केले, त्याला ऐकू तरी गेले असतील का हो? आता हिला मी काय —

ये, ये. डबा ठेव तिथं. अगं काही नाही, या ताईंना डिस्क दाखवत होतो. तर ताई, सध्या ही काळी हार्ड डिस्क न्या. वायर आतच आहे. काम झालं की काढून ठेवा, जोडून नका ठेवू. या आता.