गुडघ्याला गुडघा

नाही नाही, तोंडावरचं ते फडकं काढा आधी, मग काय विचारायचं ते विचारा — दुसऱ्याच्या घरात यायचं, त्याच्याच सोफ्यावर बसायचं आणि तोंड झाकून बोलायचं, ही कुठली रीत हो? नाकाला हात लावून दाखवताय, म्हणजे सर्दी. असू दे की सर्दी! चिखलात झोपून दिवस काढलेत आम्ही, तुमच्या एका शिंकेनं मरत नाही मी. नाही काढायचं? बरं. डॉक्टर लोकांचा हट्ट, तो काय सांगावा. पण एक सांगून ठेवतो, डॉक्टरीणबाई, ती पेटी उघडायची नाही. आहे तिथेच राहू दे टेबलावर, बंद. फोन आमच्या मंडळींनी घेतला आणि तिनं 'या' म्हटलं म्हणून तुम्ही आत आलात, मी घेतला असता तर — असो. मी फोन घेत नाही. आवडत नाही मला फोन. आणि ओरडू नका, ऐकू येतंय मला सगळं! ओरडलात की भुवया वर जातात तुमच्या, तेवढ्यावरून कळतं. तो दिवा? तो असाच लुकलुकतो, वायरिंग जुनं आहे. — काय गं? चहा? मग ठेव ना, विचारायचं काय त्यात. बाईंनाही दे. बिनसाखरेचा दिलास तरी चालेल.

तर पुन्हा तपासायचंय तुम्हाला, हिनं सांगितलं मला. एकेकट्याला, घरी जाऊन. का? तर म्हणे तोफखान्यातल्या माणसांच्या कानांचे तुमचे जुने निकाल फार चांगले आलेत. इतके चांगले की तुम्हाला शंका यायला लागली! वा रे वा. वाईट आले असते तर आमची चूक, चांगले आले तरी आमचीच चूक. त्या वेळी तुमच्याच लोकांनी छापलं ना — की आयुष्यभर तोफेशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाचे कान आणि दुकानात कापड मोजणाऱ्याचे कान सारखेच, काडीचा फरक नाही? फक्त म्हणे प्रतिसाद जरासा उशिरा येतो. लक्ष कमी. कान तीक्ष्ण, डोकं मंद! आणि मग त्याच्यावर इलाज काय काढला ठाऊक आहे? लक्ष वाढवायचं म्हणून रोज सकाळी आम्हाला भिंतीसमोर बसवायचे, भिंतीवर एक काळा ठिपका, त्याच्याकडे टक लावून बघायचं. धडधाकट गडी, मांड्या घालून, ठिपक्याकडे बघतायत! एक जण तर घोरायचा. हसू नका. हसताय ना? डोळे बारीक झाले तुमचे.

शितावरून भाताची परीक्षा करता तुम्ही, करा, पण शीत नेमकं कुठल्या भांड्यातलं ते तरी बघायला नको? एवढे शिकलेले लोक, एवढी यंत्रं, आणि समोर आमच्यात आचारी बसलाय हे एकाला कळलं नाही! हो, आचारी. आमच्या तुकडीचा. त्याची भटारखान्याची शेड तोफांपासून टेकडीपल्याड, त्याचे कान असे की दूध उतू जायच्या आधी त्याला ऐकू यायचं. त्याला आमची टोपी घातली, आमचा बिल्ला लावला आणि बाकावर पहिल्या जागी बसवला. आता तुमचं यंत्र कसं — पेटी एकच, बाकावर सगळे ओळीनं, प्रत्येकाच्या डोक्याला हेडफोन, आणि आवाज सगळ्यांच्या कानात एकाच वेळी. वाजलं की बोट वर करायचं. वाजायचं कुणाला? आचाऱ्याला. तो बोट वर करायचा आणि गुडघा हलवायचा. त्याच्या गुडघ्याला माझा गुडघा, माझ्याला पुढच्याचा, त्याच्याला त्याच्या पुढच्याचा — टक, टक, टक, गेला निरोप शेवटपर्यंत. आता निरोप पोचायला जरा वेळ लागणारच ना? तोच तुमचा 'उशिरा प्रतिसाद'. त्यावर तुमच्या मोठ्या डॉक्टरांनी भाषणं दिली असतील! डोळे का मोठे केलेत? मी काय — हं. घ्या, चहा आला. घ्या. गरम आहे.

लबाड म्हणताय आम्हाला? म्हणा. मला दिसतंय तुमच्या कपाळावर. पण आधी लबाड कोण झालं ते विचारा. त्याच्या आधीच्या वर्षी आले होते तुमचे लोक, पहिल्यांदा. आमच्या साहेबांनी सगळ्यांना उभं केलं आणि तुमचे ते चष्मेवाले डॉक्टर छातीवर हात ठेवून बोलले — जवानांनो, हे फक्त संशोधन आहे, खरं खरं सांगा, कुणाचं नाव या खोलीबाहेर जाणार नाही. आम्ही काय, सरळ माणसं. आमच्यात एक बुटक्या होता. त्याच्याएवढा हुशार गोलंदाज मी पाहिला नाही — हात लावला की सांगायचा, नळी किती तापलीय, अजून किती गोळे सोसेल. त्याला वाटलं, डॉक्टरांनी शब्द दिलाय, तर खरं वागावं. जेव्हा ऐकू आलं तेव्हाच बोट वर केलं गड्यानं. आलंच कितीदा? आठवडा नाही झाला, साहेबांनी बोलावलं आणि तोफेवरून काढला. कोठारात. घोंगड्या झाडायला! कान कुणी घालवले? तोफेनं. शिक्षा कुणाला? बुटक्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. जेवायला आमच्यात येऊन बसेना तो, ताट घेऊन कोठारात जायचा. आम्ही जाऊन बोलायचो तर भिंतीकडे तोंड. मग नोकरी सोडली, आणि नंतर कुणाच्या लग्नाकार्यालाही दिसला नाही. तेव्हा आम्ही कानाला खडा लावला, डॉक्टर दिसला की एकमेकांना सांभाळायचं. तोफेवर एकाचा पाय घसरला तर दुसरा धरतो, तसंच हे. ह्यात लबाडी कसली? आम्हाला तेवढंच शिकवलं होतं.

आणि कानात बोळे का नाही घातले, हे विचारायचंय ना पुढे? सगळे तेच विचारतात. अहो, बोळे घातले तर हुकूम ऐकू येत नाही, आणि नाही घातले तर काही वर्षांनी हुकूमच काय, काहीच — म्हणजे काही लोकांना. मी आपलं लोकांचं सांगतोय. माझं ठणठणीत आहे. बघा, आत्ता बाहेर गाडी गेली. नाही गेली? मग जाईल. माझ्या कानात तर कायम काहीतरी चालूच असतं, बारीक, तारेसारखं, एक क्षण बंद नाही. तुमच्या पेटीची गरजच काय मला, माझी पेटी आतच आहे! — परत लुकलुकला दिवा. काय गं? दारात का उभी तू? मी काही सांगत नाहीये त्यांना, तू जा. काय? अगं, नीट तोंड करून बोल ना माझ्याकडे. 'खरं सांगा'? काय खरं सांगा? तू तरी कुणाच्या बाजूची आहेस?

बघितलंत? ह्या असल्या. हिनंच बोलावलंय तुम्हाला, मला कळतंय. मुलगा येऊन गेल्यापासून हिचं सुरू झालंय. बरं, दिव्याचं सांगतो, वायरिंगबियरिंग काही नाही. ती आतलं बटण दाबते. मला बोलवायचं असलं की दिवा मिचकावते. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? पण ते आमचं घरातलं आहे, तुमच्या संशोधनात घालायचं नाही.

मुलगाही तोफेवरच आहे. हो, माझ्याच पलटणीत. अजून तीच रीत, तसेच कापसाचे बोळे. का? कारण तुमच्या निकालात आलंय ना, तोफेनं कानाला काही होत नाही! मग नवं काही कशाला द्यायचं त्यांना? सुट्टीवर आला होता गेल्या महिन्यात, सूनबाई आणि त्याची तान्ही पोर घेऊन. ह्याच सोफ्यावर बसलो होतो दोघं. तुम्ही बसलात तिथं तो, इथं मी. पाळणा तिथं, आमच्या पाठीशी, खिडकीपाशी. सूनबाई खाली सामान आणायला गेली होती, ही न्हाणीघरात. आम्ही दोघं बापलेक निवांत. तो पेपर वाचतोय, मी सुपारी — मी आपला बसलोय. एवढ्यात ही धावत आली, केस ओले, अंगावर कसंतरी गुंडाळलेलं, तोंड हे एवढं उघडलेलं, आणि आमच्या बाजूनं गेली पाळण्याकडे. मी मागे वळलो. पोर निळी पडली होती हो रडून रडून. पाय पाळण्याच्या दोरीत अडकलेला, मान वाकडी, आणि किंचाळत होती, कधीपासून कोण जाणे. हातभर अंतरावर! आणि मी वळलो त्याच क्षणी तो वळला. आधी नाही. त्याच क्षणी. हिला बघून. तो पोरीकडे बघेना, माझ्याकडे बघायला लागला, आणि मी त्याच्याकडे. आणि तेव्हा मला आठवलं की आल्यापासून हा पोरगा माझ्या डोळ्यांत बघतच नव्हता. तोंडाकडे बघत होता. माझ्या ओठांकडे. जसं मी बघतो. सूनबाई जेवताना हसलीसुद्धा होती — बापलेक एकमेकांच्या तोंडाकडे काय बघत बसता, जेवा की!

पोर बरी आहे. पायाला वळ आला होता, तो गेला. पण सूनबाईला काय सांगितलं आम्ही? पोर आत्ताच उठली म्हणून. हीसुद्धा तेच म्हणाली. खोटं बोलून झाल्यावर स्वयंपाकघरात जाऊन रडली. निघताना जिन्यात मी त्याचा दंड धरला, म्हटलं, बाबा रे, दाखव कुणालातरी. तर म्हणाला — तोंड वळवलं नाही त्यानं, मला दिसावं म्हणून सावकाश म्हणाला — 'बाबा, तोफेवरून काढलं तर मी घोंगड्या झाडू का?' बुटक्याची गोष्ट लहानपणी मीच सांगितलेली त्याला. मीच.

आणि तुम्ही पुढच्या महिन्यात तिथं जाणार, पोरांना तपासायला. ही म्हणाली मला. आणि आता तुम्हाला गुडघ्याचं कळलं. मी कशाला बोललो ते! इतकी वर्षं तोंड उघडलं नाही. आचारी मरताना माझा हात धरून म्हणाला होता, बोलू नको — आणि आज एका फडक्यापुढे बडबडत बसलो, समोरचा काय बोलतोय कळत नसलं की माणूस आपणच बोलत सुटतो. आता तुम्ही त्यांना लांब लांब बसवणार. तेच करणार ना? करा! नाही, करू नका. अहो, कळत नाही का तुम्हाला — बसवलंत लांब तर त्याची तोफ जाते, जवळ बसवलंत तर त्याच्या कानातून पोरीचा आवाज जातो. उरलासुरला. ती उद्या 'बाबा' म्हणेल, आणि त्याला — मला आमच्या मुलाचा आवाज आठवत नाही हो. लहानपणचा आठवतो, मोठेपणचा मी ऐकलाच नाही. माणसासारखा माणूस समोर आहे, आणि आवाज नाही त्याला.

काढलंत? शेवटी काढलंत फडकं. तोंड आहे तर तुम्हाला! आता सावकाश बोला. माझ्याकडे बघून. मी एकच विचारतो — पोरांची नावं साहेबांकडे जातील का? काय? परत सांगा. 'सांगता येत नाही.' 'मी प्रयत्न करीन, पण शब्द देता येत नाही.' अहो, खोटं तरी बोलायचं! त्या चष्मेवाल्यानं छातीवर हात ठेवला होता. मुलीच्या वयाच्या तुम्ही, आणि सरळ म्हणता सांगता येत नाही? बरं केलंत. शब्द दिला असतात तर आत्ताच्या आत्ता जिन्यावरून खाली घालवलं असतं मी तुम्हाला, चहा अर्धा टाकून.

उघडा ती पेटी. उघडा म्हणतो ना! माझं घ्या, आणि खरं घ्या. बाकीच्यांचं मी काही सांगितलं नाही, गुडघ्याचं तुम्ही ऐकलं नाही, आचारी कोण ते तुम्हाला माहीत नाही. माझ्या एकट्याच्या कानांचा काय लावायचा तो निकाल लावा, माझं नाव घाला, ठळक घाला, साहेबाच्या साहेबाला दाखवा. मला आता कोण कुठल्या कोठारात टाकणार? निदान बोळ्यांऐवजी काहीतरी धड देतील पोरांना. तू रडू नको गं तिथं उभी राहून. बस इथं. नाही, लांब बस. गुडघा लागायला नको.

हं, लावा. घट्ट लावा. चालू करा.

काय बघताय? करा की चालू. हं — हे वाजलं. केलं बघा बोट वर. नाही… थांबा. हे तुमचं की माझं? माझंच आहे हे, रोजचंच. खोडून टाका ते. आता वाजवा.

वाजवा ना हो.

काय? संपलं? कधी? सुरू कधी केलंत? हिचं तोंड का असं झालंय?

बरं. झालं ना समाधान? मिळालं ना हवं ते? मग भरा पेटी आणि निघा आता, मला कुणाशी बोलायचं नाही. आणि जाताना दार ओढून घ्या. आपटलंत तरी चालेल.