एका पानात मावलेला ढिगारा

बसा ना मॅडम, अशा उभ्या किती वेळ राहणार — मंत्रीसाहेब आत आहेत, खोटं नाही सांगत, आत्ताच चहा ठेवून आले. तुमचा अहवाल? नेलाय की, मीच नेलाय. एक पान. बाकीची चाळीस? ती सचिवसाहेबांनी टाचणी काढून कपाटात घातली — इथली रीतच आहे, साहेबांच्या टेबलावर एका पानापेक्षा जास्त जात नाही. मला वाचता येत नाही, पण कान शाबूत आहेत ना! सचिव वाचून दाखवत होते — खाणीच्या मातीचा ढिगारा सरकतोय, खालची वस्ती आठवड्याच्या आत हलवा, ढासळायची शक्यता शंभरात सत्तर. साहेब काय म्हणाले? म्हणाले, 'म्हणजे तीस वेळा नाही ना पडणार?' — आणि बिस्किट बुडवलं चहात.

माझी लेक राहते तिथं, मॅडम. शेवटच्या ओळीत, ढिगाऱ्याला पाठ लावून. दोन नाती आहेत, धाकटी अजून रांगते. काल गेले होते — मागच्या भिंतीला चीर पडलीय, माझी करंगळी पेरभर आत जाते. पाय धरले लेकीचे, आई असून धरले, म्हटलं चल माझ्याकडं. तर म्हणते कशी, 'मागच्या वर्षीही ती बाई हेच म्हणाली होती.' ती बाई म्हणजे तुम्हीच हो. अकरा दिवस शाळेच्या वर्गात काढले सगळ्या वस्तीनं, ढिगारा तसूभर हलला नाही, आणि परत येऊन बघतात तर घरं फोडलेली — जावयाचं शिलाई मशीनसुद्धा गेलं, पोट होतं त्यावर. मग लोक चिडतील नाहीतर काय करतील? अर्ज केला — ही बाई उगाच घाबरवते, हिचं काही ऐकू नका. तो अर्ज साहेबांपर्यंत पोचला कसा म्हणता? — नाही, तुम्ही कुठं विचारलंत, मीच बोलतेय. एकाच पानाचा होता ना! ट्रेखाली धरून मीच नेला आत. आणि पहिला अंगठा... माझाच होता, मॅडम. मघाशी साहेबांनी तो अर्ज काढून तुमच्या पानाशेजारी ठेवलाय. मी ओळखला — भाजलेला आहे ना हा अंगठा, मधोमध कोरा डाग उठतो.

असं बघू नका. शिव्या द्या, दोन थोबाडीत द्या, पण असं बघू नका. आता बोलावतील तुम्हाला, एकच विचारतील, पडणार की नाही? तुम्ही म्हणा, पडणार. सत्तर-बित्तर नको, परवा पडणार म्हणा. खोटं बोल गं पोरी, एवढी शिकलीस, एक खोटं नाही येत? काय? पडला नाही तर पुढच्या वेळी कोणी ऐकणार नाही? — अगं, पुढची वेळ कुणाला हवीय! माझी नात आज रांगतेय तिथं, आज! ...म्हणजे सत्तरच म्हणणार. मान कशाला हलवता, कळलं मला.

घंटी. थांबा, उठू नका — एकदा वाजली म्हणजे मला, दोनदा वाजली तर पाहुण्यांना. बसा तुम्ही इथंच, तुमचे सत्तर मांडीवर घेऊन. मी सांगते साहेबांना, पडणार म्हणून. चहावालीचं कोण ऐकतं? मागच्या वेळी ऐकलंच की. सरका, पाय घ्या आत, वाट सोडा माझी.