बाईसाहेबांचे दोन्ही हात

हॅलो?

कोण… अगं चिंगे, तू! बोल, बोल. नाही गं, जवळच होता फोन. मांडीवरच होता.

छे, वाट कसली बघतेय! असाच होता.

हो… हो… जेवले. केव्हाच. तू?

बरं, उद्या कितीची बस धरतेस? मी काय म्हणते, साडेआठची पकड, म्हणजे अकराला पोचशील. आधी चहा घेऊ, मग तासाभरात तुझी मापं उरकू, आणि मग निवांत—

काय?

नळवाला?

उद्याच?

अगं पण त्याला परवा बोलाव ना… हो… हो… नाही, कळतं मला. भिंतीतून पाणी झिरपतंय म्हटल्यावर… आणि तुझ्या नवऱ्याला रजा नाही… हो, सूनही कामावर. घरात कुणीतरी हवंच. बरोबर आहे तुझं.

रागावले नाही गं. मी कशाला रागावू? तिसऱ्यांदा होतंय, एवढंच. आधी तुझी दाढ निघाली, मग सुनेकडचे पाहुणे निघाले, आता नळ.

टोमणा नाही मारत! मोजतेय. सध्या मोजायचाच अभ्यास चाललाय माझा.

अगं कितीदा सांगू? तो ऑनलाइन कोर्स. शारीरिक मानवशास्त्र… नाही गं बाई, डॉक्टरकीचा नाही. या वयात मी कुणाला इंजेक्शनं देत फिरू? माणसाची हाडं, कवट्या, माकडाचा अंगठा कसा, आपला कसा… अगदी पहिल्या पायरीचा आहे. कुणालाही घेतात. चौतीस वर्षं बायकांची मापं वरून घेतली, म्हटलं आत काय असतं ते तरी बघावं.

हस. हस.

घाई म्हणजे काय, शुक्रवारी संध्याकाळी सहाला मुदत संपते. एका जिवंत माणसाची बावीस मापं घ्यायची. खांदे, दंड, मनगट, डोक्याचा घेर, कान सुद्धा. उजवं वेगळं, डावं वेगळं. स्वतःच्या हातांनी घ्यायची. नाही दिली तर कोर्स पुरा धरत नाहीत.

मुदत वाढवून दिली की दोनदा! एकदा तुझ्या दाढेमुळे, एकदा तुझ्या पाहुण्यांमुळे. आता तिसऱ्यांदा कुठल्या तोंडाने मागू?

शेजारीण? नवीन आहेत गं त्या. दार वीतभर उघडतात आणि 'काय हवंय?' विचारतात. त्यांना काय सांगू, जरा सरळ उभ्या राहा, तुमची कवटी मोजते? पोलीस बोलावतील.

त्यालाही विचारलं, औषधाच्या दुकानातल्याला. म्हटलं, पाच मिनिटं आत येऊ का, डोकं मोजायचंय. तर म्हणतो कसा, मावशी, गोळ्या वेळेवर घेताय ना?

हो ना! मेला.

काय?… हो, मापं पाठवली होती मी एकदा. मागच्या आठवड्यात.

परत आली.

का म्हणजे… चूक झाली.

अगं झाली एक चूक, सोड.

…सांगते. पण हसायचं नाही. आणि सुनेला सांगायचं नाही. शपथ घे.

बाईसाहेबांची मापं पाठवली मी.

अगं बाईसाहेब! विसरलीस? दुकानाच्या काचेत उभी असायची ती. बाहुली… हो, तीच, गुलाबी ओठांची. शिवण शिकायला यायच्या त्या पोरींनी नाव ठेवलं होतं. दुकान आवरलं तेव्हा भंगारात द्यायची होती, नाही दिली. इथेच आहे, बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळ.

कपडे आहेत गं अंगावर!

हसू नकोस म्हटलं ना… चिंगे… बरं, हस बाई, हस एकदाची. मी थांबते.

झालं?

अगं, माणूस मिळेना म्हणून केलं. म्हटलं, दोन हात आहेत, दोन कान आहेत, दूर बसलेल्या सरांना काय कळतंय. बावीसच्या बावीस मापं छान सुबक अक्षरात लिहून काढली. तर सरांचं उत्तर काय यावं? 'मापं अत्यंत काटेकोर घेतली आहेत.' आधी शाबासकी. आणि खाली, 'मात्र या बाईंचे दोन्ही हात, दोन्ही कान, दोन्ही खांदे सूतभरही कमीजास्त नाहीत. असं जिवंत माणूस मी अजून पाहिलेलं नाही. या बाई कोण, ते कृपया कळवावं.'

नाही कळवलं. काय कळवू?

लाज वाटली गं. ज्या बाईने जन्मभर शिवण केलं तिला हे सुचू नये? माणसाच्या दोन बाजू कधीच सारख्या नसतात, हे मला त्यांनी शिकवायचं? मी तर तेच झाकत आले. कुणाचा खांदा उतरता, कुणाचा एक हात बोटभर लांब. तुझाच नाही का उजवा खांदा उतरता?

काय म्हणजे काय? उतरता आहे.

तुला माहीत नव्हतं?

अगं, सातवीत होतीस तेव्हापासून. तुझ्या प्रत्येक ड्रेसला उजवीकडे आतून एक पट्टी जास्त लावत आले मी. कोटाला दोन.

सांगायचं कशाला? आरशापुढे उभी राहून आठवडाभर रडली असतीस. मला काय तू माहीत नाहीस?

नाही गं, अजिबात वाईट दिसत नाही. कळत पण नाही कुणाला… हो, त्यामुळेच. तयार कपडे खांद्यावरून घसरतात ना तुझे, ते त्यामुळेच. चार वर्षं झाली तू माझ्याकडून काही शिवून घेतलं नाहीस.

तक्रार नाही. सहज बोलले.

वहीतली? आहेत ना, तुझी मापं वहीतही आहेत आणि पाठही आहेत. पण ती चार वर्षांपूर्वीच्या चिंगीची. आता तू किती सुटलीस, किती वाळलीस, मला काय ठाऊक? एकदा खोटं लिहिलं, पुन्हा नाही लिहायची.

सुनेने घ्यायची आणि तू फोनवर सांगायचं? मग ती सुनेने घेतलेली मापं झाली. आणि असं वरवर टेप टाकून होत नाही ते. हाड चाचपावं लागतं. खांद्याच्या टोकाला बोट दाबत गेलं की एक कठीण कड लागते, तिथून सुरू करायचं. मलाही पहिल्यांदा जमेना. आम्हाला टेपेखाली दोन बोटं सैल सोडायची सवय. इथे सैल काही चालत नाही.

सोडून देऊ?

कोर्स सोडून देऊ म्हणतेस?

अगं तुला सांगितलं का, दातांचा तास झाला तेव्हा काय झालं? सर म्हणाले, काम माणसाच्या हाडांवर, दातांवर खुणा ठेवतं. जुने सांगाडे सापडतात ना, त्यात शिवणकाम करणारी माणसं दातांवरून ओळखू येतात कधी कधी. धागा तोडून तोडून पुढच्या दाताला खाच पडते म्हणे. मी इथे खुर्चीतून उडाले! माझ्या दाताला आहे ना ती… हो, तीच, आई ओरडायची बघ, कात्री मोडली का म्हणून. मी धडपडत माझा बंद माइक सुरू केला आणि म्हटलं, सर, माझ्याकडे आहे! तर म्हणाले, दाखवा. मी कॅमेऱ्याला दात लावला, चिंगे. तीस पोरं-पोरी आपापल्या चौकटीतून पुढे वाकून बघत होती. एक मुलगी म्हणाली, वॉव.

हो. मस्त वाटलं.

मग तास संपला. सगळ्या चौकटी टपाटप विझल्या आणि काळ्या काचेत मीच उरले, दात काढून बसलेली.

नाही, गंमत म्हणून सांगतेय.

आणि सोडून करू काय मी? तू सांग. मंगळवारी आणि शुक्रवारी पाच वाजता हजेरीला तिथे माझं नाव घेतात. बाकी आठवडाभर कोण घेतंय?

…तू घेतेस गं. 'ताई, नंतर फोन करते' म्हणून घेतेस.

बरं, चुकलं. माघार. बोल.

शनिवारी?

शनिवारी नक्की येशील?

पण चिंगे, मुदत शुक्रवारची… हो ना. मग काय उपयोग. बरोबर आहे.

पुढच्या महिन्यात सावकाश… हो… तेव्हा तुझी दाढही ठीक झालेली असेल… हो… बरं.

…

आहे, आहे. ऐकतेय.

चिंगे, एक सांगू? शनिवारीच ये.

मुदत गेली तर गेली. मी आजच लिहिते सरांना, ती बाई म्हणजे दुकानातली बाहुली होती. मला घरात माणूस मिळालं नाही. देऊ देत मग शून्य.

नाही, मापं नाही घ्यायची. टेप कपाटातून काढणारसुद्धा नाही.

मग कशाला म्हणजे…

अगं, दुकान आवरून चार महिने झाले, तेव्हापासून मी कुणाला हात लावलेला नाही.

तसं नव्हे गं. असाच. साधा हात. दुकानात दिवसाला दहा-बारा बायका यायच्या. कुणाची पाठ, कुणाचा दंड, कुणाचं मनगट. गुदगुल्या होतात म्हणून खिदळायच्या, पोट आत ओढून श्वास धरायच्या, मी चापट मारायची, सोड गं श्वास. दिवसभर हातात माणूस असायचं माझ्या. ते काम होतं म्हणून कधी जाणवलं नाही. आता सुटे पैसेसुद्धा लोक समोर ठेवून देतात, हातात देत नाहीत.

एकटं वाटतं मला. फार एकटं वाटतं. घे, म्हटलं. झालं समाधान?

हॅलो?

आहेस ना?

रडतेस कशाला वेड्यासारखी?… मग नाक का ओढतेस?

नको, उद्या नको, नळवाल्याला घालवू नकोस. पाणी मुरलं तर भिंत जाईल. शनिवारीच.

साडेआठची… हो… आणि राहणार?… दोन दिवस? नवऱ्याला विचारलंस का?… बरं. नाही विचारायचं तर नाही विचारायचं.

मी? मी कुठे रडतेय. सर्दी झालीय.

हो… हो… बरं, ठेव आता, नळवाल्याला फोन कर. नाही, तू ठेव आधी.

अगं ठेव ना. मला हल्ली आधी ठेवता येत नाही.