अ गुणिले ब, ब गुणिले अ

बाबांचा शेवटचा साधा दिवस मंगळवार होता. चहा घेताना त्यांनी पाठकोऱ्या कागदावर जॉर्डन बीजगणित, म्हणजे गुणाकाराची एक वेगळी रीत, कसं तयार होतं ते मांडून दाखवलं आणि विचारलं, "कळलं का, अवंतिका?" मी भांडी विसळत म्हणाले, "हो, कळलं." बुधवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर मी कोल्हापुरातून आजऱ्याच्या एसटीत बसले. पुढच्या बाकावर कॉलेजातले दोघे होते.

"प्रसेनजीत, बघ. अ आणि ब, ही स्टारची खूण लावली तरी बदलत न्हाईत. पण त्यांचा गुणाकार बदलतोय. अ गुणिले ब चं ब गुणिले अ होतंय."

"का?"

"स्टार क्रम उलटा करतोय म्हणून."

"मग?"

"दोन्ही गुणाकारांची बेरीज करायची आणि निम्मी घ्यायची. आता लाव स्टार. बदलतंय काय?"

"न्हाय कळलं, दीप्ती."

"तिसऱ्यांदा सांगतीया. डोक्यात भुस्सा भरलाय व्हय?"

"भरलाय. परत सांग की."

"परीक्षेत काय करणार हायस?"

"तवाबी तुलाच विचारीन."

"तवा मी शेजारी नसणार."

"म्हणून तर आत्ता विचारतोय."

"बरं, आण ती वही. अ आणि ब घे..."

मी पर्समधून बाबांचा तो कागद काढला आणि मांडीवर उलगडला. त्यावरही अ, ब आणि तीच निम्मी बेरीज होती.

"नाही कळलं, बाबा," मी म्हणाले. "परत सांगा."