मेक अप आणि हिरामावशी

अरे, हुशार माणसं मीही खूप पाहिली, पण हिरामावशीपुढे मी आजही कान पकडतो. साठ सालच्या आसपास मी डहाणूजवळ नरपडच्या प्राथमिक शाळेत मास्तर होतो आणि मॅट्रिकच्या इंग्रजीत दोनदा आपटलो होतो. तिसऱ्यांदा आपटलो असतो तर नोकरी गेलीच असती.

हिरामावशीच्या घरी मी भाड्याने राहायचो. ती अंगणात बोंबलांच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टाकायची आणि मी तिथेच फेऱ्या मारत मोठ्याने घोकायचो. एका 'मेक अप'चे किती अर्थ! भांडण मिटवणं, खोटी गोष्ट रचणं, तूट भरून काढणं, तोंडाला रंग लावणं... पाचव्याला मी रोज अडायचो.

एके दिवशी मान वर न करता ती म्हणाली, "मन पक्कं करणं."

मी पुस्तक उघडून पाहिलं. बरोबर! म्हटलं, "बरं, 'टेक ऑफ'?"

"कपडे काढणं, विमान उडणं, नक्कल करणं, रजा घेणं. 'गिव्ह अप' पण सांगू?"

बाईला स्वतःची सही येत नव्हती. मी पायरीवर बसलोच.

"मावशी, एवढं ध्यानात कसं राहतं?"

"चाळीस घरी मासे देते मी. कुणाला कुठला आवडतो, कुणाचा कधी उपास, ते काय लिहून ठेवते? मास्तर, तुम्ही नुसतं बोलता. ऐकत नाही."

त्या दिवसापासून ती बोलायची आणि मी ऐकायचो.

निकालाच्या दिवशी ती मला डहाणूच्या बाजारात भेटली. डोक्यावरची पाटीही न उतरवता तिने विचारलं, "मास्तर, आपण पास झालो ना?"