बबनचं पहिलं प्रेम

पासवर्ड विसरायचा विषय निघालाच आहे, तर आमच्या बबनचं ऐका. घरी नेट नव्हतं तेव्हाची गोष्ट. बबनचं नवीन लग्न झालेलं आणि मेव्हण्याने लग्नाचे फोटो मेलवर पाठवलेले. ते बघायला तो वहिनींना घेऊन कामतघरच्या सायबर कॅफेत आला. मीही होतो. तर हा गडी पासवर्डच विसरलेला!

मग कॉम्प्युटरने विचारलं, 'तुमचं पहिलं प्रेम कोण?' उत्तर बरोबर आलं तरच मेल उघडणार.

बबनने ऐटीत वहिनींचं नाव टाकलं, 'सुजाता'. चूक!

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मी नाय ना? मग जी हाय तिचं टाका."

"अगं, तसं काय नाय..."

"टाका. मला फोटो बघायचेत."

बबनने घाम पुसला आणि एका बोटाने टाइप केलं, 'वैशाली'. तेही चूक!

"अजून किती हायत?" वहिनींनी विचारलं.

तेवढ्यात काउंटरवरून कॅफेवाला सलीमभाई ओरडला, "अरे बबन, तेरा खाता मैंने खोला था ना! तुम्ही लोक विसरता, म्हणून सगळ्यांचं उत्तर मीच टाकतो, 'सलीम'. पूरे कामतघर का पहला प्यार मैं हूँ, मैं!"

मेल उघडला, फोटोही झकास होते.

तो पासवर्ड बबनला आजतागायत आठवलेला नाही. पण परवा चहात साखर कमी पडली म्हणून तो जरा कुरकुरला, तर वहिनी म्हणाल्या, "मग जा, वैशालीकडे प्या."