बिरदेवानं भाकरी सोडली

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला एक सांगा. माणूस म्हणतो, 'मी सोडलं!' कुणी चहा सोडतो, कुणी तंबाखू सोडतो, कुणी सख्ख्या भावाशी बोलणं सोडतो. माझं विचारणं एवढंच — सोडलं म्हणता, तेव्हा नेमकं काय सोडता? सोडायला पाहिजे ते, की सोडायला सोपं ते?

माना डोलवू नका. उत्तर अजून दिलेलं नाही मी!

गेल्या वर्षी एका काकांनी माझ्यासमोर साखर सोडली. परवा त्यांच्या घरी गेलो. चहा बिनसाखरेचा — आणि बशीत चार पेढे! म्हटलं, काका, हे काय? तर म्हणतात, "महाराज, ह्यो परसाद हाय." कपाळावर हात मारला आणि एक पेढा मीही उचलला.

हसताय? हसा. पण आजचं आख्यान पेढ्यावर भागणारं नाही. एका पहिलवानाची सगळी मेहनत त्यात पणाला लागली होती, आणि ती मातीत घालायला मीसुद्धा हातभार लावला होता. तेव्हा नीट ऐका.

कुरणवाडीची तालीम. तिथं गुंडू वस्ताद. वय सत्तरीला आलेलं, कान दोन्ही मोडलेले, आवाज असा की रस्त्यावरचा माणूसही बैठका मारायला लागेल. त्यांचा पठ्ठा बिरदेव. बावीस वर्षांचा, पहाटे उठून हजार बैठका, पाचशे जोर, मग मॅटवर दोन तास झटापट. संध्याकाळी पुन्हा तेच. आळसाचं नाव नाही.

निवड चाचणी सहा आठवड्यांवर आली होती. चौऱ्याहत्तर किलोचा गट, तेवीस वर्षांखालचा. पुढच्या वर्षी वय बसणार नाही, म्हणजे राज्याच्या संघात जायची ही शेवटची संधी. आणि काट्यावर भरला किती? साडेसत्त्याहत्तर! पोटावर दोन बोटं चरबी. साडेतीन किलो उतरवायचे, आणि ताकद मात्र उतरू द्यायची नाही.

त्याच आठवड्यात त्यांच्या गावात माझं कीर्तन. मी रंगात आलो होतो, मंडळी! मृदंगवाले बुवा साथीला होते, हेच ते — आता खाली बघतायत. मी म्हणालो, "जिभेला जिंका! अन्न सोडा, देह हलका होईल!" टाळ्या पडल्या. कीर्तन संपल्यावर बिरदेव नारळ घेऊन आला, पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "महाराज, चाचणीच्या काट्यावर चढंपतोर भाकरी सोडली."

मी काय केलं? विचारलं का — बाबा, तू दिवसभर खातोस काय, मेहनत किती करतोस? नाही! नारळ वाढवला, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि माईकवरून सगळ्या गावाला सांगितलं. पुन्हा टाळ्या.

मग काय झालं? बिरदेवानं भाकरी सोडली. भात सोडला. आमटी, उसळ, अंडी, भाजी — सगळं सोडलं. आई ताट वाढायची, तो हात जोडायचा. पंधरा दिवस गेले. काट्यावर चढला — सत्त्याहत्तर! पंधरा दिवसांत अर्धा किलो! म्हणाला, "काटा बिघडलाय." वस्ताद स्वतः काट्यावर चढले. काटा बरोबर होता.

आणि अंगात जोर राहिला नाही ते वेगळंच. दुसऱ्या झटापटीला धाप लागायची, मांड्या थरथरायच्या. एके दिवशी पासष्ट किलोच्या गड्यानं त्याला उचलून पाठीवर टाकलं. बिरदेव तसाच पडून राहिला, छताकडं बघत. वस्ताद ओरडले, "अरं, उपाशी ऱ्हाऊन जाडाच कसा ऱ्हातोस तू?"

हे ओरडणं दूध घालायला आलेल्या बिरदेवाच्या आईनं बाहेरून ऐकलं. हौसाक्का. दारात दोन म्हशी, तालमीला दूध तिचंच. बायका तालमीत पाऊल टाकत नाहीत, तशी तिथली रीत. तिनं रीत मोडली नाही. पण दुसऱ्या दिवशी उंबऱ्याबाहेर येऊन बसली आणि टोपलीतून एकेक वस्तू काढून मांडायला लागली.

एका बाजूला दोन लिटर दुधाची किटली. मोठा तांब्याभर थंडाई — बदाम, खसखस आणि साखर किती? मूठ नव्हे, वाटी! दुसरी वाटी तुपाची. डझनभर केळी. खारका. दुसऱ्या बाजूला ज्वारीच्या दोन भाकरी, मुगाची उसळ, आमटी, कांदा.

म्हणाली, "वस्ताद, ह्यातलं अन्न कंचं?"

वस्तादांनी भाकरीकडं बोट दाखवलं.

"आन् ही हिकडची रांग?"

"त्यो खुराक हाय, हौसाक्का. खुराक जेवणात धरत न्हाईत."

"हे पोटाला कोण सांगनार?" हौसाक्का म्हणाली. मग पोराकडं वळली. "बिरू, तू काय सोडलंस रं? माज्या हातचं तेवढं सोडलंस. गोडधोड समदं ठेवलंस."

मंडळी, बिरदेव खोटं वागत नव्हता. तालमीत सगळे असंच मानतात. थंडाई म्हणजे वस्तादांचा आशीर्वाद! दगडी कुंडीत लाकडी सोट्यानं ते स्वतः घोटणार, स्वतः पेला हातात देणार. तो पेला परत करायची कुणाची छाती? पन्नास वर्षांत कुणी केला नव्हता.

वस्ताद चिडले. "माजा पेला वंगाळ म्हनतीस?" हौसाक्का म्हणाली, "वंगाळ न्हाई. लई हाय."

वस्तादांनी ती रांग पुन्हा एकदा मोजली. मग त्यांनी सैन्यात कुस्ती शिकवणाऱ्या आपल्या जुन्या शिष्याला फोन लावला. तिकडून तो वैतागून म्हणाला, "वस्ताद, त्याला दिवसातनं चार तास लढायचंय, उपाशी ठेवताय काय? साखर बंद करा. तूप चमचाभर, दूध एक पेला. पर उसळ, अंडी, दही पोटभर द्या. सरावाच्या आधी भाकरी पाहिजेच. रोज थोडं कमी खाऊ दे, आठवड्याला पाऊण किलो उतरंल, अन् ताकद जागेवर ऱ्हाईल." चार आठवडे उरले होते. तीन किलो. जेमतेम बसत होतं.

वस्तादांनी ऐकलं. पन्नास वर्षांची सवय त्या माणसानं एका सकाळी आवरली. पेल्यात दूध ओतून बिरदेवाला दिलं आणि कुंडी फळीवर ठेवली.

मग अडलं कुठं? माझ्याकडं! भाकरी खायची तर व्रत मोडायचं. बिरदेव माझ्याकडं आला. म्हणाला, "महाराज, मोकळं करा." आणि मी... सांगायला लाज वाटते. मला त्याची निवड दिसली नाही. मला माईक दिसला, टाळ्या दिसल्या. लोक काय म्हणतील? महाराजांनी दिलेलं व्रत महाराजांनीच मोडलं? मी म्हणालो, "बघू, एकादशी होऊ दे."

पोरगा मान खाली घालून गेला. दुपारी हौसाक्का आली. बसली नाही. म्हणाली, "महाराज, कालचा दिस गेला, आजचा गेला. एकादशीपतोर आनी चार जातील. वस्तादानं पन्नास वर्सांची कुंडी फळीवर ठिवली. तुमाला एक शब्द मागं घ्याला हुईना?"

मंडळी, मी इतकी वर्षं कीर्तन करतो. वेदान्त सांगतो. पण मला जागेवरून उठवलं ते त्या बाईच्या एका वाक्यानं. तिच्यामागं तिच्या घरी गेलो. सगळ्या गल्लीदेखत चुलीपुढं बसलो, भाकरीचा तुकडा मोडला आणि बिरदेवाच्या हातात दिला. म्हणालो, "खा बाबा. चूक माझी होती." त्यानं खाल्ला. दुसरा मीही खाल्ला, उसळीबरोबर. खरं सांगतो, उसळ फार चांगली होती.

पुढं चार आठवडे तेच. पोटाला भूक लागायची, पण पोरगा उभा राहायचा. दर सोमवारी काटा थोडा खाली यायचा. मांड्यांमधली थरथर गेली. आणि चाचणीच्या सकाळी तो काट्यावर चढला — त्र्याहत्तर किलो नऊशे!

शेवटची कुस्ती एका मोठ्या नावाच्या गड्याशी. पण त्या गड्यानं काय केलं होतं? दोन दिवस पाण्याचा थेंब नाही, अंगावर तीन स्वेटर घालून पळत सुटला होता. चार किलो घाम काढून काट्यावर बसला खरा. पहिला डाव त्याचाच. चार गुणांनी पुढं! पण दुसऱ्या फेरीत त्याचे पाय जड झाले, आणि बिरदेव तेव्हा कुठं तापत होता. एकेरी पट काढला, एक पाय धरून खाली घेतला, पाठीवर दाबला. पंचांनी मॅटवर हात आपटला. संपलं! राज्याच्या संघात नाव लागलं.

मी हार घेऊन गेलो. सवयच हो! बिरदेवाच्या गळ्यात घातला, आणि तोंड उघडणार इतक्यात हौसाक्का माझ्याजवळ आली. हात जोडून, अगदी मायेनं म्हणाली, "महाराज, तुमी बी येक सोडा. ज्याचं ताट बघितलं न्हाई, त्याला काय सोडायचं ते सांगू नका."

ते मी सोडलं, मंडळी. म्हणून तुम्ही वाट बघत असाल की महाराज आता सांगतील, हे सोडा, ते सोडा — तर मी सांगणार नाही! आता महाप्रसाद आहे, सगळे पोटभर जेवा. मग घरी जा, आणि जी तुम्हाला रोज वाढते तिच्यासमोर बसून विचारा, "मी काय सोडू?" तिला विचार करावा लागणार नाही. कित्येक वर्षं उत्तर तयार आहे तिच्याकडं, तुम्ही विचारलेलं नाही एवढंच.

चला, टाळ उचला. बुवा, तुम्ही हसू नका. तुम्हीही विचारायचं आहे.